चुलीपासून एक हात लांब

बाजारात पोंक आला की माझं डोकं फिरतं. बाकी सगळं बडोदं त्या दिवसांत खुशीत असतं. थंडी चांगली मुरलेली असते, बाजवा-कोयलीकडच्या बायका खंडेराव मार्केटच्या भिंतीला लागून टोपल्या मांडून बसतात, आणि टोपलीत फडक्याखाली ज्वारीचे कोवळे, हिरवेगार, नुकतेच भाजलेले दाणे असतात. देशावरून आलेले आमचे पाहुणे त्याला हुरडा म्हणतात. आम्ही बडोदेकर पोंक म्हणतो, त्यावर शेव घालतो, लिंबू पिळतो आणि खाता खाता एकमेकांना सांगतो की गेल्या वर्षीचा जास्त गोड होता. मीही खाते. पण तो करपट गोड वास नाकात शिरला की मला एक ठरावीक थंडी आठवते, आणि त्या थंडीचा राग एकदा चढला की लवकर उतरत नाही. आमच्या शाळेतल्या मुली हुशार आहेत. पोंकाचे दिवस आले की त्या गृहपाठ वेळेवर करून आणतात.

यंदा त्या रागाला आयतं सरपण मिळालं. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, वरच्या वर्गांना आता पाकशास्त्र शिकवायचं ठरलंय, तर सुरुवात तुमच्या व्याख्यानाने करा. विषयही त्यांनीच दिला: स्वयंपाकाने माणूस कसा घडवला. "तुमच्या वडिलांचं यावर पुस्तक आहे ना वाचनालयात? त्यातलंच सांगितलंत तरी पुरे आहे." मी हो म्हटलं आणि दार जरा जोरातच लावून घेतलं.

पुस्तक कसलं, चोपडी आहे. मी लहान असताना आप्पांनी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, मागाहून छापून घेतलेलं. मी ती चोपडी आणून पुन्हा वाचली. आप्पांची भाषा सुंदर होती, हे मात्र खरं. ते सांगतात, आदिमानव कच्चं मांस आणि कच्ची कंदमुळं चावत बसायचा, अर्धा दिवस त्याचा जबडाच चालायचा. मग त्याला विस्तव सापडला. कंद मऊ झाले, दाणे फुलले. दात लहान झाले, जबडा आवरला, पोट हलकं झालं, आणि पोटात खर्ची पडणारी शक्ती डोक्याच्या कामी आली. चावण्यातला वेळ वाचला म्हणून माणूस बोलू लागला. विस्तवाभोवती सगळे गोल बसले म्हणून घर झालं. शिकार करणारा आपण आणलेलं तिथे आणून टाकू लागला, शिजेपर्यंत थांबायला शिकला, आणि त्यातून वाटून खाण्याची रीत पडली. "मानवाला फुरसत मिळाली ती स्वयंपाकाने," हे आप्पांचं लाडकं वाक्य. ते चोपडीत पुन्हा पुन्हा येतं.

हे सगळं खरं असेल. मला शास्त्रातलं फार कळत नाही, पण खोटं वाटत नाही. माझा राग वेगळाच आहे. त्या अख्ख्या चोपडीत शिकार कोणी केली ते आहे, गोष्टी कोणी सांगितल्या ते आहे, मडकं कोणी घडवलं तेसुद्धा आहे. पण तो कंद निखाऱ्यात घालून, डोळ्यांत धूर घेत, बोटं भाजून घेत उलटवत कोण बसलं होतं, ते कुठेच नाही. आप्पांच्या चोपडीत अन्न आपलं आपण शिजतं. आप्पांना ते माणूस दिसलं नाही याचं कारण साधं आहे. आप्पा जेवायला पाटावर बसायचे तेव्हा चूल त्यांच्या पाठीमागे असायची.

आम्ही तेव्हा नवापुऱ्यात राहत होतो. आप्पा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. सुधारक म्हणून त्यांचं नाव होतं आणि ते उगाच नव्हतं. मुलींना शाळेत पाठवलंच पाहिजे, नाहीतर दंड, असा कायदा महाराजांनी केला तेव्हा आप्पांनी आळीत पेढे वाटले होते. मला त्यांनीच बोट धरून शाळेत नेलं. दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली, तेव्हा सून शिकली पाहिजे हे सगळ्यांत आधी म्हणाले तेही आप्पाच. शिक्षिकांच्या वर्गात जायचं तर एक परीक्षा द्यावी लागे. वहिनीचा अर्ज आप्पांनी स्वतः भरला आणि आल्यागेल्याला सांगितलं, "माझी सून मास्तरीण होणार बरं का!"

वहिनीला ते किती हवं होतं, हे घरात फक्त मला माहीत होतं. ती दुपारी माझी पाटी तपासायची तेव्हा तिचा आवाजच बदलायचा. एरवी घरात ती कुजबुजल्यासारखं बोलायची. पाटी हातात आली की ताठ बसायची आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. बाक कुठे होता तिथे? समोर मी एकटी, आणि कोपऱ्यात दळणाचं जातं. तरी ती त्या जात्यालासुद्धा शिस्तीत बसवल्यासारखी बोलायची.

पण आमच्याकडे स्वयंपाक सोवळ्यात होत असे. पहाटे आंघोळ करायची, कोणी न शिवलेलं, वेगळं वाळत घातलेलं लुगडं नेसायचं, आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत कोणाला आणि कशाला शिवायचं नाही. शिवलं की सगळं ओवळं. बाई ओवळी, लुगडं ओवळं, चुलीवर रटरटणारं वरणसुद्धा ओवळं. पुन्हा आंघोळ, पुन्हा पहिल्यापासून. आणि कागद तर मुळातच ओवळा. कुठल्या चिंध्यांचा केलेला, कोणाकोणाच्या हातून आलेला! म्हणजे ज्या बाईने शिकायचं असं घराने ठरवलं होतं, तिला सकाळभर आणि परत संध्याकाळी पुस्तकाला हात लावायची बंदी होती. ही बंदी आपण घातली आहे असं मात्र घरात कोणालाच वाटत नव्हतं.

यातून वाट काढली ती वहिनीनेच. स्वयंपाकघरात चुलीच्या अलीकडे जमिनीत शहाबादी दगडाची एक पट्टी होती. पट्टीच्या आत सोवळं, बाहेर ओवळं. मी पट्टीच्या बाहेर मांडी घालून बसायचे आणि पुस्तक उघडून तिच्यासमोर धरायचे, चुलीपासून एक हात लांब. ती पोळ्या लाटता लाटता वाचायची. पान संपलं की नजर न उचलता म्हणायची, "पान उलटा, वन्सं." मी तेव्हा परकरी पोर होते, पण नणंद ती नणंद, म्हणून मला वन्सं आणि अहोजाहो. मी पान उलटायचे. धुराने माझे डोळे चुरचुरायचे, तिचे बहुधा चुरचुरायचे बंद झाले होते. भूगोल तिने पोळ्यांवर केला, व्याकरण भातावर.

तिचा खरा अभ्यास व्हायचा तो ती बाजूला बसायची तेव्हा. महिन्याचे ते दिवस. 'कावळा शिवला' म्हणायची पद्धत होती. तेव्हा तिने मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचं, तिची ताटवाटी वेगळी, तिला कोणी शिवायचं नाही आणि चुलीकडे तिने फिरकायचं नाही. त्या दिवसांत आई चूल सांभाळायची आणि वहिनी पडवीत उजेड असेपर्यंत वाचायची. ओवळ्या बाईने ओवळा कागद हातात घेतला तर कोणाचं काय जातं? एकदा ती मला म्हणाली, "वन्सं, मला माणसात धरत नाहीत ना, तेवढेच दिवस मला माणसासारखं वाटतं." तेव्हा मी हसले होते. आता ते आठवलं की हात शिवशिवतात, आणि समोर मारायला कोणीच नसतं.

त्या थंडीत आप्पा व्याख्यानाची तयारी जेवता जेवता करत. "उष्ण अन्न!" ते दादाला सांगत. "पशू थंड खातो, मनुष्य उष्ण खातो. इतकाच भेद आहे बघ." एवढं बोलून ते ताट जरा पुढे सरकवत आणि त्यात तव्यावरची पोळी पडे. आप्पा आणि दादा उठले की आम्ही मुलं, मग आई, आणि सगळ्यांच्या शेवटी वहिनी. तिची पाळी येईपर्यंत चूल विझलेली असायची. पातेल्याच्या तळाशी राहिलेलं ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. आप्पांचं शास्त्र खरं मानलं तर आमच्या घरात रोज एक माणूस माणसात येता येता राहून जात होतं. आणि ज्या माणसाने बाकीच्यांना माणसात आणलं, नेमकं तेच.

त्याच थंडीत आम्ही कोयलीला पोंक खायला गेलो. आप्पांच्या ओळखीच्या एका पटेलांचं तिथे शेत होतं. बैलगाडीतून गेलो, सकाळचं ऊन पाठीवर घेत. शेताच्या बांधावर खड्डा करून शेण्यांचा विस्तव केलेला होता, त्यात कणसं खुपसलेली, आणि पटेलांची बायको रेवाबेन भाजलेलं कणीस फडक्यात धरून काठीने झोडपत होती. दाणे उडून फडक्यात जमत. पोंकाला पाणी लागलेलं नसतं, नुसता विस्तव लागलेला असतो, त्यामुळे त्याला सोवळ्याओवळ्याची भानगड नाही. कोणीही भाजावा, कोणीही खावा. तरी वहिनी सवयीने मागे उभी राहिली, पुरुषांचं होऊ दे म्हणून.

रेवाबेनने तिच्याकडे पाहिलं आणि ओरडलीच. "ए बेन, त्यां शुं ऊभी छे? बेस ने! ठंडो पोंक ते कंई पोंक केवाय? आग कोईनी राह नथी जोती."

थंड पोंक तो काय पोंक, आग कोणाची वाट बघत नाही. वहिनी बसली. आप्पांच्या समोर, दादाच्या शेजारी, त्याच विस्तवापाशी. रेवाबेनने तिच्या ओंजळीत वाफाळते दाणे ओतले. वहिनी हात झटकत, फुंकर घालत, हसत खात होती. तिचं तोंड भाजलं तेव्हा सगळे हसले, आप्पासुद्धा. मी तिला सासरच्या माणसांत गरम काही खाताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. आप्पा लगेच बोलायला लागले, "बघा, हेच ते! विस्तवाभोवतीची पहिली पंगत अशीच असणार." आणि अगदी खरं बोलत होते. त्या पंगतीत मास्तरीण होणारी सून होती, पटेलीण होती, तिचा गडी होता, आणि कोणी कोणाच्या आधी जेवत नव्हतं.

परतायच्या वेळी आईला तहान लागली. पण पटेलांच्या घरचं पाणी तिने घेतलं नाही, गाडीत आपला तांब्या आहे म्हणाली. रेवाबेनने बाजरीचे रोटले केले होते, तेही नको म्हटले. निघताना बाजरीचं पीठ दिलं, ते मात्र आनंदाने बांधून घेतलं. मला तेव्हा नवल वाटलं, आता चीड येते. दाणे कोणाच्याही शेतातले चालतात, पीठ कोणाच्याही जात्यावरचं चालतं, पण त्याला पाणी आणि विस्तव लागला, त्याची भाकरी झाली, की तिला जात चिकटते. आप्पांच्या चोपडीत लिहिलंय की शिजवलेल्या अन्नाने माणसं एकत्र आली. आली असतील. मग त्याच अन्नाने ती ओळी करून, पाठी फिरवून, एकमेकांपासून लांब बसली. चोपडीत इथपर्यंत गोष्ट येतच नाही. विस्तव सगळ्यांचा होता. चूल झाली तेव्हा तो कोणाचा तरी झाला, आणि कोणालातरी त्याच्यासमोर कायमचं बसवलं गेलं.

व्याख्यान फार रंगलं. अध्यक्ष पुण्याहून आलेले. आम्ही बायका चिकाच्या पडद्यामागे होतो. टाळ्या झाल्या तेव्हा वहिनीनेही वाजवल्या, मनापासून. आणि तिथल्या तिथे आप्पांनी अध्यक्षांना आणि चार-पाच मंडळींना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. पुरणपोळीचं जेवण. दुसऱ्या दिवशी वहिनीची परीक्षा होती.

आप्पा विसरले नव्हते, हे मला नीट सांगायचं आहे. विसरले असते तर मी माफ केलं असतं. घरी आल्यावर ते म्हणाले, "सूनबाई लवकर उठेल, पुरण आटपेल, वेळेवर जाईल. आहे काय त्यात!" आईने तेवढ्यापुरतं चुलीपाशी बसावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, आईच्याही नाही. घरात सून असताना सासूने पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा म्हणजे आळीत शोभा. मी वहिनीला माजघरात गाठून म्हटलं, "सांगून टाक ना, कावळा शिवला म्हणून. मग आईलाच करावं लागेल." वहिनी दचकली. "नैवेद्याच्या बाबतीत खोटं बोलू, वन्सं?" म्हणाली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, तिला ते खरोखर वाईट वाटत होतं.

पहाटे ती उठली. थंडीने अंगणातला दगड बोचत होता. मी डोळे चोळत पट्टीबाहेर बसले आणि पुस्तक धरलं, शेवटची उजळणी. पुरण शिजून वाटून झालं, कटाची आमटी झाली, भात उतरला, पोळ्यांची चळत चढत गेली. ती लाटत होती, वाचत होती, ओठ हलत होते, आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होती. उजाडून कोवळं ऊन खिडकीत आलं तेव्हा शेवटच्या पोळ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात चुलीतलं ओलं लाकूड तडतडलं, एक निखारा उडाला आणि उघड्या पानावर पडला. पान जळायला लागलं. वहिनीने हात पुढे केला आणि तळव्याने ते विझवलं.

आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो. कोणी पाहिलं नव्हतं. आई देवघरात होती, आप्पा बाहेर. मी कुजबुजले, "वहिनी, कोणाला कळणार नाही. पटकन पोळ्या संपव." तिने पुरणाकडे पाहिलं, आमटीकडे पाहिलं. मग उठून पट्टीपाशी आली आणि मोठ्याने म्हणाली, "सासूबाई, मी शिवले कागदाला."

आई आली. तिने कपाळावर हात मारला, पण वहिनीला रागावली नाही. मला आजही तेच सोसत नाही. ती सगळं अगदी समजुतीने करत होती. "काढ ते सगळं बाहेर. न्हा परत. दुसरं लुगडं ओलं असेल, ओलंच नेस. डाळ घालते मी भिजत." पुरणाला पुन्हा डाळ शिजवायची म्हणजे परीक्षेची वेळ निघून जाणार, हे बाहेर आप्पांना कळलं. ते आतल्या दारापर्यंत आले. मला वाटलं, आता बोलतील. ज्याने काल तासभर सांगितलं की अन्नाने माणूस मोकळा झाला, तो आता म्हणेल, असू दे ओवळं, वाढा तसंच, पोरीला जाऊ दे. आप्पा म्हणाले, "आता काय इलाज! परीक्षा काय, दरवर्षी येते."

पहिला सगळा स्वयंपाक आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईच्या घरी गेला. तिच्या मुलांनी पुरणपोळ्या गरम गरम खाल्ल्या. त्या सकाळी तेवढीच एक गोष्ट चांगली झाली.

पाहुणे आले, जेवले. वहिनी ओल्या लुगड्यात थरथरत पोळ्या लाटत होती. मी पट्टीच्या बाहेर बसले होते, हातात काहीच न धरता. अध्यक्षांनी चौथी पोळी घेतली आणि म्हणाले, "कालच्या व्याख्यानाचा पुरावा आज खाल्ला, बरं का!" सगळे मोठ्याने हसले. त्या हसण्यात आप्पांचा आवाज मला ओळखू आला. वहिनीने हातातली पोळी तव्यावर टाकली, ती नीट फुगली.

पुढच्या वर्षी परीक्षा आली, खरंच आली. तेव्हा वहिनीच्या मांडीवर मूल होतं. नंतर दुसरं झालं. नंतर कोणी विचारलंच नाही. मी शिकले, शाळेत लागले. लग्न केलं नाही, त्यावर आळीने भरपूर चर्चा केली. माझ्या खोलीत शेगडी आहे. मी माझ्यापुरता भात करते, आणि तो पातेल्यातून ताटात यायच्या आत पहिला घास तिथेच उभ्याने खाते. लोकांना तो आळस वाटतो. माझ्या लेखी तो रागाचा भाग आहे, आणि त्या घासाला चवही छान लागते.

तर यंदाचा पोंक. दादाच्या मुलाची बायको लीला, हसरी मुलगी, यंदा त्याच परीक्षेला बसणार होती. दादाच्या घरी आता रोज सोवळं नसतं, पण पाहुणे जुन्या वळणाचे असले की असतं. आणि परीक्षेच्या दिवशी दादाने आपल्या जुन्या साहेबांना जेवायला बोलावून ठेवलं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम कोणी काहीच करत नाही, तेच तर! मला कळलं तेव्हा मी शाळेत रजेचा निरोप पाठवला, मार्केटवरून पोंक घेतला, आप्पांची चोपडी पिशवीत होतीच, आणि भांडायच्या तयारीने दादाच्या घरी, नवापुऱ्यातल्या आमच्या त्याच जुन्या घरी गेले.

दादा ओसरीवर झोपाळ्यावर होता. "आव ताराबेन! आज शाळा नाही?" म्हणाला. मी उत्तर न देता आत गेले. लीला सोवळ्यात चुलीपाशी होती, वरणाचं पातेलं चढलेलं. तिचे डोळे लाल होते आणि ते धुराने नव्हते. वहिनी पट्टीच्या बाहेर तांदूळ निवडत बसली होती. तिचे केस आता पांढरे झालेत.

"दादा," मी तिथूनच ओरडले, "ही परीक्षेला कधी जाणार?"

"अगं, होईल वेळेत. आणि मोडं झालंच, उशीर झालाच थोडा," दादा झोपाळ्यावरून म्हणाला, "तर परीक्षा काय, दरवर्षी—"

वहिनीचे हात सुपात थांबले. मी तोंड उघडलं होतं, इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं होतं. पण बोलली ती. जी बाई आयुष्यभर कुजबुजत बोलली, ती पाटी तपासायच्या आवाजात बोलली.

"अहो, ऐकलंत का? लीलाला कावळा शिवलाय."

लीलाने चमकून वर पाहिलं. ती गेल्याच आठवड्यात न्हाऊन चुलीपाशी आली होती. मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. दादाला असल्या तारखा कधीच माहीत नव्हत्या.

"आत्ता?" दादा म्हणाला. "आणि ते वरण?"

"वरण गेलं. मी करते सगळं परत."

"मग ती बाहेर कशी जाणार? पडवीत बसू दे तिला."

"पडवीत बसली काय, परीक्षेला बसली काय," वहिनी म्हणाली. "कागद मुळातच ओवळा. त्याला आणखी काय विटाळ व्हायचाय?"

झोपाळा थांबला. नियम दादाच्या आईचाच होता. वहिनीने माझ्या हातातून पोंक घेतला, चुलीवरचं पातेलं उतरवलं, तवा ठेवला आणि मूठभर दाणे त्यावर गरम करून लीलाच्या पदरात ओतले. "गरम आहेत तोवर खा. आणि पळ." लीला तिच्या पाया पडायला वाकली, तशी वहिनीने तिला दाराकडे ढकललंच.

मग ती न्हायला गेली. थंडीत, या वयात. मी म्हटलं, मी करते ना, तर म्हणाली, "तुम्हांला सोवळ्यातलं येतं कुठे?" ओलेत्याने येऊन बसली, चूल सारखी केली, डाळ शिजत घातली. मी पट्टीच्या बाहेर, जुन्या जागी. माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. एका मुलीला परीक्षेला पाठवायला अजूनही कावळाच लागतो, आणि एक बाई सुटते तेव्हा तिच्या जागी दुसरीला बसावं लागतं. आणि त्या दुसरीने ज्या खोट्याची आयुष्यभर लाज धरली, ते आज तिला बोलावं लागलं.

"पिशवीत पुस्तक दिसतंय," वहिनी म्हणाली. "धरा बघू."

"आप्पांचंच व्याख्यान आहे. वाचलं नाहीस तू?"

"कधी वाचणार? ते बोलायचे तेव्हा मी लाटत होते."

मी चोपडी उघडून धरली, चुलीपासून एक हात लांब. तिने डोळे बारीक केले आणि वाचत गेली, ओठ हलवत, पहिल्यासारखीच. एका ओळीवर ती थांबली. मला न बघताच कळलं, कुठली ते.

"मानवाला फुरसत मिळाली," तिने मोठ्याने वाचलं. मग डाळीवरचा फेस काढला, पळी ठेवली. "मामंजींनी चांगलं लिहिलंय हो. कुठल्या मानवाला, तेवढं लिहायचं राहिलं."

मी चोपडी मिटायला निघाले. तिने ते पाहिलं.

"रागावू नका," ती म्हणाली. "पान उलटा, वन्सं."

मी रागावलेलीच होते. पान उलटलं.